तायडे मॅडमची मोडकी भाकरी

तायडे मॅडम जेवताना पेपर वाचायच्या. आज भाजी कसली आहे असं विचारलं, की आधी डब्यात बघायच्या आणि मग सांगायच्या, "आलू दिसते." तोवर अर्धा डबा संपलेला असायचा. हजरतगंजमधल्या आमच्या सरकारी कार्यालयात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्या अकोल्याच्या आणि मी सोलापूरची, त्यामुळे दुपारी एकाच टेबलावर बसायचो. त्यांचा डबा तेलीबागेतल्या एका टिफिनवाल्याकडून यायचा. भाजीवर तेलाचा तवंग असायचा. मी नाक मुरडलं की म्हणायच्या, "पोट भरलं की झालं बाप्पा. त्यात काय एवढं."

स्वयंपाक त्यांनी कधी केला नव्हता, तोही ठरवून. त्यांची आई मोठ्या घरादाराच्या भाकऱ्या थापता थापता संपली. मुलीवर ती वेळ येऊ नये म्हणून वडिलांनी तिला शिकवलं, आणि मॅडमनी वडिलांचा शब्द अगदी अक्षरशः पाळला. घरात गॅस होता, त्यावर चहा व्हायचा. यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. मूलबाळ नव्हतं. भाऊ खाण्याचे भारी शौकीन. सकाळी फिरायला म्हणून आलमबागेपर्यंत जायचे आणि येताना द्रोणातून खस्ता कचोरी घेऊन यायचे. आमचं घर त्यांच्याच गल्लीत, म्हणून एखादी कचोरी माझ्याही वाट्याला यायची.

मग भाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला. दवाखान्यात त्यांना भरवायला एक बाई ठेवली होती. ती घास पुढे करायची आणि भाऊ ओठ घट्ट मिटून घ्यायचे. मॅडमनी भरवून पाहिलं, मी पाहिलं, कुणाच्याच हातून त्यांनी धड खाल्लं नाही. घरी आले तेव्हा गालफडं बसली होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, की बाहेरचं बंद, तेल-मीठ बेताचं, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळ; आणि मुख्य म्हणजे पोटात अन्न जायला हवं, नाहीतर औषधांचा काही उपयोग नाही. मॅडमनी मान हलवली. "ठीक है, हो जाएगा," म्हणाल्या. कार्यालयात वरून हुकूम आला की असंच म्हणायच्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. हौस नाही, कुरकुर नाही, डोळ्यांत पाणी नाही. मला त्यांचा राग यायचा, खरंच सांगते. घरावर एवढं संकट आलं आहे आणि ही बाई दुधी चिरताना नळाच्या गळतीबद्दल बोलते आहे. भाज्या त्यांना लवकर जमल्या, कारण सांगितलेल्यात त्या रतीभर इकडचं तिकडे करायच्या नाहीत. पालक, मेथी, घोसाळी, बिनफोडणीची डाळ, सगळं व्हायला लागलं. चव कशी झाली विचारलं तर माझ्यापुढे चमचा धरायच्या. "तूच सांग. मला काही कळत नाही." भाऊंना झटका आल्यापासून मॅडमना खरोखरच चव कळत नव्हती, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

भाकरी मात्र हटून बसली. थापतानाच कडा फाटायच्या, तव्यावर टाकताना मधून दुभंगायची आणि ताटात पडेपर्यंत तिचे तुकडे झालेले असायचे. मॅडम ते तुकडे गोळा करून ताटात ठेवायच्या, वर दुसरं ताट झाकायच्या आणि कार्यालयात यायच्या. दुपारी घरी भाऊ एकटेच. संध्याकाळी परत जाऊन बघावं तर ताट रिकामं. ज्या माणसानं दवाखान्यात तोंड उघडलं नाही, तो ही मोडकी भाकरी रोज संपवत होता. गल्लीत सगळे म्हणायचे, भाऊ मोठे सोशिक. मीही म्हणायचे.

त्या हिवाळ्यात माझी आई सोलापूरहून आली. तिनं मॅडमच्या डब्यातलं पीठ चिमटीत घेतलं आणि सांगून टाकलं, "अहो, याची विरीच गेलीय. हे काय चिकटून राहणार?" पीठ अकोल्याहून मॅडमच्या नणंदबाई पाठवायच्या, कुणी येणारं असलं की त्याच्या सामानातून, आणि ते इथे महिनेन् महिने पडून राहायचं. आईनं स्वतःसाठी आणलेलं ताजं पीठ त्यांना दिलं. सकाळी मॅडमच्या हातची पहिली अख्खी भाकरी तव्यावर टम्म फुगली. त्या तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. दुपारी डबा खाताना म्हणाल्या, "आज भाऊ खूश होतील." पेपर घडी घालून बाजूला ठेवला होता.

संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर घरात गेले. ताटातली भाजी आणि डाळ संपली होती. भाकरी तशीच होती, सकाळची, थंड होऊन वातड झालेली. एका कडेला नखांचे ओरखडे होते, आणि ताट सरकत सरकत टेबलाच्या टोकाशी आलं होतं. भाऊ खिडकीकडे तोंड करून बसले होते. "भूक नव्हती," म्हणाले. मॅडमनी ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी रिक्षासाठी मी त्यांना बोलवायला गेले, तेव्हा भाकरी पुन्हा तशीच फुगलेली. त्यांनी ती तव्यावरून काढली, वाफ जाऊ दिली आणि हातानं वेडीवाकडी मोडली. एक तुकडा लहान, एक मोठा, थोडा चुरा. मी सुरी पुढे केली.

"सुरीनं नको," त्या हळूच म्हणाल्या. "कापलेलं कळते त्यांना."

यानंतर त्यांच्या घरी कधी अख्खी भाकरी वाढली गेली नाही. ताजं पीठ कुठून मिळवायचं, उकळतं पाणी घालून कसं मळायचं, सगळं त्या शिकल्या. आमच्या सोलापूरच्या बायकांनी बघत राहावं अशी पातळ, गोल भाकरी थापायला लागल्या आणि रोज मोडायला लागल्या. भाऊंना कधी कळलं का, मला सांगता येणार नाही. एका रविवारी मी तिथं असताना डाव्या हातानं खाता खाता ते म्हणाले, "आजचे तुकडे बराबर घासाएवढे झाले." मॅडम भांडी विसळत होत्या. "तुटली तशी तुटली," म्हणाल्या. भाऊंनी पुढचा तुकडा उचलला.

भाऊ गेले ते झोपेत. मॅडम तेव्हाही रडल्या नाहीत, आणि मला या वेळी राग आला नाही. मलाच काही वाटेनासं झालं होतं. अकोल्याहून नणंदबाई आल्या, सगळं पार पडलं, आणि दुसऱ्या दिवशी मॅडम सवयीनं ओट्यापाशी उभ्या राहिल्या. मी बाहेर भाकरीच्या तुकड्यांची टोपली नेऊन ठेवली. नणंदबाईंनी वरचा तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि त्यांना हुंदका आला. "वहिनी, इतक्या वर्षांत तुम्हाला साधी भाकर नाही आली ना. माझ्या दादानं शेवटपर्यंत तुकडेच खाल्ले."

मी सांगायला तोंड उघडलं. आतून मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले.

"हो," त्या म्हणाल्या. "मला नाही जमली."

मग त्यांनी तव्यावरची भाकरी काढली. फुगली होती. वाफ जाऊ दिली आणि तीही मोडली.