हात न लागलेली भाजी

कोणत्याही भाजीला हात लावण्याआधी नलूताई स्वतःची बोटे हुंगत. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. वरळीला, चिरलेल्या भाज्यांची पाकिटे भरणाऱ्या एका कारखान्यात त्या कामाला होत्या. त्यांच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोलवटलेली असे आणि नखांपाशी क्लोरीनचा उग्र वास येई. मला किळस वाटे. त्यांनी दिलेला प्रसाद मी हसून घेई आणि मोरीत टाकून देई.

ऋषिपंचमीला आमच्या मजल्यावर ऋषीची भाजी एकत्र होते. बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी काही खायचे नाही, माणसाच्या हाताने पिकलेलेच खायचे. गॅलरीत विळ्या मांडल्या जात आणि मधली विळी नलूताईंची. "अळवाक घाई चलणा नाय गो," त्या सुनांना बजावत, "घाई केलंस तर गळ्याक खाज."

एका वर्षी जेवणाची व्यवस्था माझ्याकडे आली. मी सर्वांसमोर सुचवले, "यंदा ताईंच्या कारखान्यातली पाकिटेच आणू. सगळे मशीनवर होते, माणसाचा हात लागत नाही."

"मशीन खयचा रे दिनू?" नलूताई हसल्या. "मशीन सुरण सोलूक लागला, तर खाजवतला कोण?"

गॅलरी हसली. मला ते लागले. मी अगदी शांत आवाजात म्हणालो, "ताई, तुम्ही तिथे फक्त लेबले चिकटवता. आणि आपल्या हातांकडे जरा बघा." सर्वांनी पाहिले. नलूताईंनी हात पदराखाली घेतले, विळी मिटली आणि त्या आत गेल्या.

पाकिटे आली. भाजी स्वच्छ आहे, असे मी दोनदा म्हणालो आणि दोनदा वाढून घेतली.

पुढच्याच आठवड्यात कामावर जाताना नलूताई चष्मा घरी विसरल्या. माझी कचेरी वरळीलाच, म्हणून त्यांच्या सुनेने तो माझ्याकडे दिला. कारखान्याच्या काचेतून मी आत पाहिले. थंडगार खोलीत, ओल्या फरशीवर, डोक्याला टोप्या घातलेल्या बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात सुरी होती. सुरण, भेंडी, माठ, सारे त्या हातांनीच निवडत आणि चिरत होत्या. नलूताई बाहेर आल्या, त्यांनी हातमोजा उलटा केला आणि त्यातून पाणी सांडले. चष्मा घेण्याआधी त्यांनी बोटे हुंगली.

"हे का करता, ताई?"

"दिसभर क्लोरीनच्या पाण्यात हात. तुमच्या भाजयेक वास लागूचो नाय म्हणून."

त्या दिवशी मला माझीच किळस आली. संध्याकाळी त्यांच्या दारात उभा राहून मी क्षमा मागितली.

"बोललंस सगळ्यांसमोर," त्या म्हणाल्या, "आणि माफी दाराआड मागतंस? गॅलरीत जाऊन सांग. माका नको सांगू."

मी गेलो नाही. आज सांगू, उद्या सांगू, असे करत वर्ष गेले. पुढच्या ऋषिपंचमीला त्यांचे दार बंद राहिले. नंतर त्या कायमच्या गावी गेल्या, आणि शिमग्याच्या आधी त्या वारल्याचा निरोप आला.

पाकिटे अजून येतात. गेल्या ऋषिपंचमीला पानात भाजी वाढून घेताना समोरच्या वहिनी म्हणाल्या, "दिनूभाऊ, तुमच्यामुळे किती स्वच्छ सोय झाली. कोणाचा हात नाही लागत."

मी मान डोलावली आणि जेवायला बसलो.