न केलेल्या चुकीची माफी

पूजाबद्दल लिहायचं म्हटलं की माझं डोकं अजूनही तापतं.

पूजा माझी भाची, सिन्नरजवळच्या खेड्यातली. बारावीनंतर घरात तिच्या लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या. ही बया सरळ जाऊन ड्रोन उडवायचं रीतसर प्रशिक्षण घेऊन, परवाना काढून आली. औषध फवारणीचा ड्रोन पिकअपमध्ये टाकायचा आणि पार चांदवडपर्यंत शेतं फिरायची. उड्डाणाआधी मोबाइलवर नकाशा उघडून इथं परवानगी आहे ना, हे ती बघणारच. मग वहीत वेळ, ठिकाण, वारा लिहून खाली शेतमालकाची सही. ड्रोनमध्ये नोंद आपोआप होते, तरी वही वेगळी. लोक हसायचे. मीही हसलो. "तू काय विमान चालवतेस का गं?"

"परवान्यावर पायलटच लिवलंय, मामा," ती म्हणाली.

जानेवारीत नोटीस आली. विमानतळाजवळच्या बंदी असलेल्या भागात तुमचा ड्रोन उडाल्याची तक्रार आहे, पंधरा दिवसांत खुलासा करा. सोबत एक धुरकट फोटो. त्यात ड्रोन आहे की घार, हे काढणाऱ्यालाही सांगता आलं नसतं! पण या भागात फवारणीचा ड्रोन म्हणजे पूजाचाच, एवढ्या अकलेवर तक्रार करणाऱ्या गृहस्थाने तिचं नाव ठोकून दिलं होतं. परवाना गेला की ड्रोन पेटीत आणि लग्नाच्या गोष्टी पुन्हा सुरू, हे पूजाला पक्कं ठाऊक होतं.

आता माझा पराक्रम ऐका. मी रंगनाथ, नाशिकच्या एका कार्यालयात तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. कुणाला मेमो मिळाला की तो माझ्या टेबलाशी यायचा. 'माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, क्षमा असावी.' तीन ओळी, साहेब थंड, फाइल बंद. तेच मी पूजाला लिहून दिलं.

"मामा, त्या दिशी मी चांदवडला व्हते. कलाबाईंच्या कांद्यावर. वहीत हाय सगळं. मी केलंच नाय, तर माफी कशापायी?"

"साहेबांशी वाद घालणार आहेस? सही कर, मिटून जाईल!" मी खेकसलो. मोठ्यांचा मान म्हणून तिने सही केली. वही पिशवीतच राहिली.

मिटतंय कसलं! माफीनामा म्हणजे कबुली धरली गेली आणि परवाना सहा महिने निलंबित झाला. वर नातेवाईक सांगायला आले, पोरीच्या जातीनं हवेत उडू नये. एकेकाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला.

पूजा रडत बसली नाही. तिने ड्रोनमधली नोंद काढून घेतली, कलाबाईंच्या सहीचं पान जोडलं आणि फेरविचाराचा अर्ज दिला. सुनावणीला मी सोबत गेलो.

अधिकाऱ्याने माफीनामा आणि ड्रोनची नोंद शेजारी शेजारी ठेवली. "मॅडम, नोंदीप्रमाणे तुम्ही चांदवडला होता. मग चूक झाली असं का लिहिलंत?"

मी पंख्याकडे बघू लागलो.

"सही माझी हाय, साहेब," पूजा म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही.

संताप आला, आणि या खेपेला तो सगळा माझा माझ्यावरच होता. मी उठलो. "मसुदा माझा आहे. हिला दटावून सही घेतली मी."

"मग तसं लिहून द्या. निलंबन उठवायला मला कागद लागेल."

तीस वर्षांत दीड-दोनशे माफीनामे खरडले असतील, स्वतःच्या नावाचा एकही नाही. पेन उघडलं आणि सवयीने 'क्षमा असावी' लिहायला घेतलं. पूजाने तिची वही माझ्यापुढे सरकवली.

"मामा, आधी वेळ आन ठिकाण लिवा. मंग काय झालं ते. माफी शेवटाला."