तुरा छाटलेला कोंबडा

ते प्रकरण आठवलं की गुन्ह्याच्या आधी मला माझंच हसू आठवतं, आणि ते काही सुखाचं नाही. हुबळीच्या एका ठाण्यात मी निरीक्षक होतो. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात तिशीतली एक बाई समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "साहेब, आमचा हुंज नाही खुराड्यात."

हुंज म्हणजे कोंबडा. मी हवालदाराकडे बघून हसलो. "अक्का, एव्हाना कुणाच्या तरी ताटात गेला असेल की तो!"

"आणि मालक परवापासून घरी आले नाहीत," ती म्हणाली.

चहा तसाच खाली ठेवला. त्यानंतर माझी नोकरी संपेपर्यंत कुणीही तक्रारदार आला की हवालदार अदबीनं म्हणायचा, "सर, आधी पूर्ण ऐकून घेऊ या." मी मुकाट्यानं ऐकून घ्यायचो.

तिचा नवरा तारिहाळच्या एका कारखान्यात लेथवर होता. मी नेहमीचे प्रश्न विचारले: भांडण, दारू, दुसरी बाई. तिचं उत्तर एकच. "हुंजाला सोडून ते जाणार नाहीत. घेऊन गेले असते तर दाण्याचा डबा नेला असता. डबा घरीच आहे." बेपत्ता झाल्याची नोंद केली. कोंबड्याचं वर्णनही लिहून घेतलं: तांबडा-काळा, मोठा लाल तुरा, डाव्या पायाचं एक बोट वाकडं.

कोंबडा झुंजीच्या जातीचा होता. झुंज लावणं गुन्हा आहे आणि नवरा ती लावतही नव्हता. तो जात राखायचा, पिल्लं विकायचा. असा एक नर जुन्या मोटरसायकलीच्या भावानं जातो, हे मला तेव्हा प्रथम कळलं. माझं कोंबडीज्ञान रविवारच्या रश्श्यापलीकडे कधी गेलंच नव्हतं.

दोन दिवसांनी कमरीपेठेतल्या आमच्या खबऱ्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. तसाच कोंबडा विकायला निघाला होता. विकणारा त्याच कारखान्यातला, नवऱ्याचा जोडीदार. दोघं एका डब्यात जेवणारे. मात्र व्हिडिओतल्या कोंबड्याला तुरा नव्हता. गळ्याखालच्या लोंबत्या पाळ्याही नव्हत्या.

बोलावल्यावर जोडीदार कोंबडा घेऊन आला, केस विंचरून. निर्दोष माणूस ठाण्यात घाबरत येतो. हा उत्तरं तयार ठेवून आला होता.

"सर, त्यांच्या हुंजाला तुरा होता ना? याचा मी गेल्या जत्रेलाच छाटलाय. झुंजीच्या कोंबड्याचा छाटतातच की. नाहीतर समोरचा चोचीनं तुराच धरतो."

"दुखत नाही त्याला?"

"छे हो! तुरा म्हणजे नख. रक्तसुद्धा येत नाही."

मला ते पटलं. तुरा म्हणजे नुसती शोभा, असंच मलाही वाटायचं. हवालदारानंही मान डोलावली.

ओळख पटवायला बाईला बोलावलं. कोंबडा बघताच तिनं पदर तोंडाला लावला. बोट वाकडं होतं, पण "वाकडी बोटं काय एकाचीच असतात?" असं जोडीदारानं लगेच विचारलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाली, "मालकांनी कधी छाटू दिला नाही, साहेब. उन्हाळ्यात हुंजाचं अंग तुऱ्यानंच गार राहतंय म्हणायचे. रक्त असतंय हो त्यात, लई असतंय."

मी कोंबडा मांडीवर घेतला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच, आणि त्यानं माझी खाकी पँट लगेच खराब केली. डोक्यावर काळी खपली होती. मी अंगठ्यानं जरा दाबलं. कोंबडा सगळा आकसला, खपली सुटली, खाली ओलं लाल. रक्तानं माखलेला अंगठा मी जोडीदारापुढे धरला.

"कुठल्या जत्रेला?"

सरकारी पशुवैद्यानं जखम आठवड्याच्या आतली असल्याचा दाखला दिला. चौकशीत मी नवऱ्याचं नावच काढलं नाही. कोंबड्याचंच विचारत राहिलो. कात्री कुठली? रक्त कशानं थांबवलं? धरलं कुणी?

"एकट्यानंच केलं," तो म्हणाला. "म्हणून वेडंवाकडं झालं. माझे कोंबडे छाटताना धरायला नेहमी तोच यायचा." आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला.

त्यानं गिऱ्हाईक ठरवून ठेवलं होतं, मित्र विकायला तयार नव्हता. कारखान्यामागे बोलाचाली झाली, हाती लोखंडी गज लागला. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते; पण पंचांसमक्ष त्यानं जागा दाखवली. कारखान्यामागच्या पडक्या विहिरीतून प्रेत वर काढलं, तेव्हा बाई काठावर उभी होती. तिला घरी थांबायला सांगितलं होतं. "माझ्या घरचे आहेत ते," एवढंच म्हणाली आणि हलली नाही.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी वस्तूची किंमत बाजारात विचारत आलो. गुन्हा मात्र बहुधा दुसऱ्याच किमतीवर घडतो: एकाला जे विकायचंच नसतं, ते दुसऱ्याला हवंच असतं. आणि ज्याला आपण नख समजून चालतो, त्यात रक्त असू शकतं. दाबून बघेपर्यंत कळत नाही, आणि दाबून बघायची बुद्धी मला त्या बाईनं दिली.

पुढे कोर्टाच्या हुकमानं कोंबडा तिच्या ताब्यात दिला. ठाण्याच्या दारात दोघं-तिघं भाव बोलायला उभे होते. तिनं कोंबडा पदराखाली घेतला आणि रिक्षात बसली.

मळमड्डीला घरी येऊन जेवताना मी हे बायकोला सांगितलं. म्हटलं, "तिच्या जागी मी असतो ना, तर घरी नेऊन पहिली त्याची मान मुरगळली असती."

तिनं माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "मारलं माणसानं, आणि मान मुरगळायची कोंबड्याची? तुम्ही आता रिटायर व्हाच."