घाईचा उपसा

माझ्या जिभेला हाड नाही आणि पायाला उसंत नाही. हे माझं मत नव्हे, आईचं. मेसवर जेवायला येणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला ती पहिल्याच दिवशी सांगून टाकायची, "ही माझी लेक. क्लासात फिजिक्स शिकवती. हिच्यासंग वाद घालू नका, जेवण गार होईल." पोरी हसायच्या. मी चिडायचे. मग त्या आणखी हसायच्या.

नांदेडला क्लासवाल्यांच्या गल्लीत, एका इमारतीच्या तळघरात आईची मेस होती. लातूरला सुरू झालेलं शिकवण्यांचं वेड तोवर इकडंही पोचलं होतं आणि जिकडं बघावं तिकडं डॉक्टर व्हायला आलेली लेकरं पाठीवर दप्तर टाकून फिरत होती. तळघर स्वस्त होतं म्हणून घेतलं. चौदा पायऱ्या उतरायच्या, खाली लांबट खोली, शेवटच्या भिंतीला धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या. साठ पोरी दोन वेळा जेवायच्या. त्या साठ ताटांवर माझं एम.एस्सी. झालं. म्हणून मी जे केलं ते केलं, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मला थांबता येत नाही, एवढंच.

आई मुळात तळघरात उतरणारी बाई नव्हे. आम्ही लातूरकडचे, भूकंपाच्या पट्ट्यातले. मी सहा वर्षांची असताना पहाटे घर हललं. आईनं माझा दंड धरला आणि मला ओढत बाहेर पळाली. वडील आतच राहिले. दगडमातीच्या भिंती, वर हातभर मातीचं माळवद, सगळं एका दमात खाली बसलं. पुढं आत्यानं, वडिलांच्या बहिणीनं, एकच वाक्य साऱ्या भावकीत फिरवलं : "नवऱ्याला हाक न मारता पळाली." आईनं त्यावर कधी तोंड उघडलं नाही. तिच्या धाकट्या भावानं, माझ्या मामानं, आम्हाला अर्धापूरला आपल्या केळीच्या मळ्यात आणलं. तिथून आम्ही नांदेडला आलो.

तेव्हापासून जमीन जराशी थरथरली की आई बाहेर. ट्रक गेला, बाहेर. वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवला, बाहेर. कधी हातात कणकेचा गोळा असायचा, कधी उलथनं. रस्ता ओलांडून समोरच्या विजेच्या खांबापाशी उभी राहायची आणि दोन मिनिटांनी काही झालंच नाही अशी परत यायची. भट्टी तिनं मुद्दाम जिन्याच्या पायथ्याशी लावून घेतली होती. "मग तळघर घेतलंस कशाला?" मी एकदा विचारलं. म्हणाली, "पोटापुढं भीतीचं काय चालतंय? आन हे शिमिटाचं हाय." शिमिटाचे नुसते खांब होते. खांबांमधल्या, बाहेरच्या मातीला टेकलेल्या भिंती मालकानं साध्या विटांच्या उभ्या केल्या होत्या. ते आम्हाला नंतर कळलं.

त्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले आणि गोदावरी गल्लीत आली. दोन दिवस राहिली, तिसऱ्या दिवशी गेली, पण तळघर भरून ठेवून गेली. वरून तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी. मातकट, वर तेलाचा तवंग, त्यात कांदे आणि प्लास्टिकचे ग्लास तरंगत होते. वास तर विचारू नका. सोमवारी क्लास परत उघडणार होते, परीक्षा तोंडावर आली होती. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दुसरी मेस होती. त्या मेसवाल्यानं गॅलरीतून पाटीच सोडली : "पूरग्रस्त विद्यार्थिनींना प्रवेश सुरू." पूरग्रस्त म्हणे! मेल्याला पूर म्हणजे दिवाळीच. सोमवारी आमची चूल पेटली नाही, तर साठच्या साठ जणी तिकडं जाणार हे उघड होतं. पोरी एकदा गेल्या की येत नाहीत. मग आईकडं काय उरत होतं? काही नाही. मला ते डोळ्यासमोर दिसत होतं आणि मी गल्लीत येरझारा घालत होते. त्या दिवशी शुक्रवार होता.

मामा दुपारी आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मळ्यातलं डिझेल इंजिन आणि पंप. पंपात बादलीनं पाणी ओतलं, जिथं गळत होतं तिथं शेणमाती थापली, हँडल मारलं. इंजिन धडधडायला लागलं, फरशी हलली आणि आई गेली खांबापाशी. लपेटा पाइपातून, त्या गुंडाळून ठेवायच्या चपट्या नळीतून, काळं पाणी लांबच्या मोठ्या नालीत पडायला लागलं तसा माझ्या जिवात थोडा जीव आला. मामानं मात्र पाणी आठव्या पायरीला टेकल्याबरोबर इंजिन बंद केलं आणि जिन्याच्या भिंतीवर पाण्याला लागून कोळशानं रेघ मारली.

"आज इथवरच. उद्या हात लावायचा न्हाई. परवा उरलेलं."

"परवा? अहो मामा, परवा रविवार! गाळ कधी काढायचा, स्वयंपाक कधी करायचा?"

"पावसाळ्यात भरली विहीर एका दमात उपसत न्हाईत, पोरी. भाईरची माती पाणी पिऊन फुगलेली असती. आतलं पाणीच काठाला टेकू देऊन ऱ्हातंय. टेकू काढला की काठ आत बसतो. माझ्या चुलत्याची बांधलेली विहीर अशीच गेली."

"मला पाण्याचा दाब शिकवू नका मामा. मी रोज तीन बॅचला तोच शिकवते."

"मग तर तुला माझ्यापेक्षा जास्त कळाया पाहिजे," मामा म्हणाला, आणि आईकडं वळला. "अक्का, हिला धरून ठेव. उद्या केळीची गाडी भरायची हाय, मी सांजच्याला येतो." ट्रॅक्टरवाल्याला राखणीला ठेवून तो अर्धापूरला गेला.

आणि कळत होतंच की मला! फळ्यावर मी भिंत काढायचे, दोन्ही बाजूंनी बाण काढायचे, एका बाजूचं पाणी पुसलं की काय होईल ते पोरांना विचारायचे. अचूक उत्तर आलं की शाबासकी द्यायचे. पण फळ्यावरच्या भिंतीसमोर दुसऱ्याची मेस नसते. शनिवारी सकाळी त्या मेसवाल्याच्या जिन्यावर आमच्या चार पोरी दिसल्या, चौकशीला आलेल्या. एकीनं मला बघून तोंड फिरवलं. झालं. माझं डोकं फिरलं. शेजारच्या बांधकामावर पेट्रोलवर चालणारा छोटा पंप होता, तो मी भाड्यानं उचलून आणला. ट्रॅक्टरवाला म्हणत होता, "ताई, मालक रागावतील." मी म्हटलं, "मालकाशी मी बघते. तू हँडल मार."

दोन्ही पंप एकदम लागले. आई खांबापाशी उभी राहून ओरडत होती, "अगं, मामानं रेघ मारलीया! ऐकत जा की कुणाचं!" मी ऐकलं नाही. रेघ वरच राहिली, तिच्याखालची पायरी आली, मग त्याखालची. खरं सांगते, इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. दीड वाजता पाणी बाराव्या पायरीवर होतं. गुडघाभर उरलं होतं. रविवारी गाळ, सोमवारी पोळ्या, असा हिशोब मी मनात मांडूनही टाकला.

आणि मोठा पंप हवा ओढायला लागला. खाली सोडलेल्या, पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी काहीतरी अडकलं होतं. ट्रॅक्टरवाला इंजिन सोडून हलू शकत नव्हता. मीच उतरले. वरून येत होता तेवढ्या उजेडात चाचपडत पाइप शोधला. तोंडाच्या जाळीला पोत्याचं कापड गच्च गुंडाळलं होतं. एका हातानं तो जड पाइप उचलायचा आणि दुसऱ्यानं कापड सोडवायचं, जमेना. मी अर्ध्या जिन्यावर येऊन हाक मारली, "आई, खाली ये! पाइप धर!"

तिनं खांबापासूनच मान हलवली. "तू वर ये, माय. मामाला येऊ दे."

"दोन मिनिटांचं काम आहे!"

"न्हाई. जमीन हलायलीय. तू वर ये."

"इंजिन आहे ते! किती वर्षं झाली, तुझं आपलं तेच!"

"वर ये म्हन्ते ना!"

मग मी ते म्हणाले. रागात माझी भाषा लातूरकडची होते. मी जिन्यातून वर आले, गल्लीत उभी राहिले आणि म्हणाले, "बापाला आत टाकून पळाया बरं जमलं गं तुला! आता तुझ्याच पोटासाठी मरायलेय, तर दोन मिनिटं आत यायला हुईना?"

इंजिन चालू असूनही साऱ्या गल्लीनं ऐकलं. गॅलरीतला मेसवाला आत गेला. चौकशीला आलेल्या आणखी काही पोरी जागच्या जागी थांबल्या. आत्यानंही हे इतक्या वर्षांत इतकं जवळ उभं राहून म्हटलं नव्हतं.

आईनं पदर खोचला. रस्ता ओलांडून आली, माझ्याकडं न बघता बाजूनं खाली उतरली. मी मागोमाग गेले. गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हणाली, "सांग कुठं धरू." मी दाखवलं. तिनं पाइप दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला. मी जाळीवरचं कापड सोडवायला लागले. तेव्हा म्हणायला हवं होतं की चुकलं माझं. शब्द तोंडापर्यंत आलाही होता. पण माझ्या जिभेला घाई असते ती फक्त वाईट बोलायची.

कापड निघालं. पंपानं पाणी धरलं. तेवढ्यात कोठ्यांमागच्या भिंतीतून पाण्याची एक बारीक धार आली, करंगळीएवढी. मग शेजारी दुसरी. मग भिंतीला पोट आलं. अगदी डोळ्यांदेखत विटांची भिंत पुढं फुगली.

मी पळाले.

विचार केला नाही. हाक मारली नाही. चौदा पायऱ्या मी कशा चढले ते मला आजही आठवत नाही. मागं मोठा आवाज झाला, त्यानंतर मला कळलं ते एवढंच की मी रस्त्याच्या पलीकडं, त्या विजेच्या खांबाला धरून उभी आहे आणि आई माझ्याजवळ नाही.

तळघराच्या तोंडातून धूळ नव्हे, चिखल उसळला होता. मला हलता येईना. ज्याला मी सकाळी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या तो समोरचा मेसवाला बनियनवरच धावत आला आणि सगळ्यांत आधी जिन्यात शिरला. त्याच्यामागं ट्रॅक्टरवाला. आईनं पाइप सोडला नव्हता. छातीपर्यंत चिखलात रुतली होती आणि पाइपाला मिठी मारून होती. वरून चार माणसांनी पाइप ओढला, खालून त्या दोघांनी तिला उचललं. कोठ्या, भट्टी, साठ ताटं, सगळं त्या भिंतीखाली नि चिखलाखाली गेलं. मेस संपली. रविवारपर्यंत थांबले असते तर वाचली असती, हे मामानं मला कधी बोलून दाखवलं नाही, आणि तेच जास्त लागतं.

आईला रस्त्यावर आणून बसवलं. डावं मनगट लोंबत होतं. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, त्यात नुसते डोळे दिसत होते आणि ते डोळे इकडून तिकडं काहीतरी शोधत होते. कुणी तिला पाणी पाजायला गेलं तर तिनं हात बाजूला केला. मग मी दिसले. मी जवळजवळ रांगतच तिच्यापर्यंत गेले. मला वाटलं आता मारेल. मारायलाच हवं होतं. तिनं चांगल्या हातानं माझा दंड धरला, चाचपून बघितला, वर खांद्यापर्यंत, खाली कोपरापर्यंत.

"पळालीस ना?" म्हणाली. "बरं केलंस, माय. लई बरं केलंस."

हे तिला कुणीच म्हटलं नव्हतं. भावकीनं नाही, शेजाऱ्यांनी नाही. आणि ज्या एका माणसानं म्हणायला हवं होतं, जिला ओढत ती पळाली होती, त्या मी तर कधीच नाही. वीस वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि एकदाही नाही.

"आई," मी म्हणाले, "तूही बरं केलंस."

बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, त्यामुळं इंजिन तसंच धडधडत होतं. आईनं कान पुढं केला. "काय म्हणलीस?"

मी परत म्हणाले. ओरडून म्हणाले. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.