पहिल्या शतकाची तारीख

बडनेऱ्याहून अकोल्याला फुलांच्या टोपल्या नेताना तो माणूस मला एकदाच गाडीत भेटला. अंगात काळा कोट, मांडीवर क्रिकेटच्या कात्रणांची वही. बोट जिभेला लावून पान उलटायचा आणि सगळ्या डब्याला ऐकवायचा. कसोटीत आपल्या देशाच्या माणसाने पहिलं शतक कोणत्या तारखेला मारलं, चौकार किती, सारं त्याला पाठ होतं.

शेजारी त्याची लेक खिडकीची दांडी धरून बसली होती. तिला हळद लागलेली. लग्न लावायला तो तिला सासरच्या गावी नेत होता.

मी विचारलं, “भाऊ, पोरीले कितवं लागलं?”

“असंन बारा-तेरा. कापूस वेचाच्या दिवसांत झाली होती.”

“लोकाच्या शंभर रनाची तारीख मालूम हाये, अन् पोटच्या पोरीची नाई?”

तो चिडलाही नाही. “पोरीचं कोन लिवून ठेवते, बाई?” म्हणाला आणि पुढचं पान उलटलं.

माझंही कोणी लिहिलं नव्हतं.

अकोल्याला त्यांना घ्यायला नवरदेव स्वतःच आला होता. बिजवर. घामाने मिशीचा कलप ओघळला होता. त्याचं वय मला विचारावं लागलं नाही.