सौंदडचं घर दादाने विकलं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या घरी मोटर लावून टाकी भरत होतो. पुतण्या एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले. झोपेतच." माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता मी भांडू कोणाशी? टाकी भरून वाहायला लागली, बायको ओरडली, तरी मी फोन हातात धरून उभाच. रडू आलं नाही. दहा महिने मी त्याच्याशी बोललो नव्हतो आणि पुढचे दहा महिनेही बोललो नसतो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं हे मला कळतं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, असले लेख मुलांकडून लिहून घेतले. पण माझा मोठा भाऊ मला न विचारता आमचं घर विकून नागपूरला म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला गेला, हे मी अजून गिळलेलं नाही. त्याने एकदा, फक्त एकदा, "चुकलो गा" म्हणावं एवढंच मला हवं होतं. ते न म्हणताच तो गेला.

आता घराबद्दल. सौंदडच्या त्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात आम्ही तिघं भावंडं वाढलो. दादा गावातच राहिला, पोस्ट सांभाळलं, धानाची शेती केली. बहीण दवनीवाड्याला दिली, मी नोकरीसाठी गोंदियाला आलो. आई होती तेव्हाच मी माझ्या वाट्यावर पाणी सोडलं होतं, कागदावर सही करून. त्यामुळे कायद्याने मला बोलायला जागा नव्हती, आणि दादाने ते मला ऐकवलंही. पण सही केली म्हणजे घर सोडलं, असं कुठे असतं का? दर वर्षी मंडईला आम्ही त्याच घरी जायचो.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला मंडई म्हणजे भाजीबाजार वाटेल. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावची मंडई भरते. दिवसा दुकानं आणि दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, रात्री मंडपात नाटक, आणि ज्याच्या गावची मंडई त्याच्या घरी सगळ्या सग्यासोयऱ्यांनी मुक्कामाला जायचं. मात्र बोलावणं घरच्या कर्त्याकडूनच यावं लागतं. बोलावलं नाही तर कोणी पाऊल टाकत नाही, आणि बोलावूनही गेलं नाही तर वर्षभर तोंड लपवावं लागतं. दादा पूर्वी पोस्टकार्ड टाकायचा. पुढे भाऊबीजेच्या दिवशी नावांची वही मांडीवर घेऊन एकेकाला फोन लावायचा. "मंडई शुक्रवारी हाय. या." एवढंच, इकडचं तिकडचं काही नाही. मग आम्ही पंधरा-वीस जण त्या घरात दोन दिवस लोळायचो. कोंबडीचा रस्सा, वडे, ओसरीवर पत्ते, आणि दादा मधोमध बसून उगाच सगळ्यांवर खेकसत असायचा. माझ्या मुलांना आजही तेच गाव वाटतं, गोंदिया नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "घर इकून टाकलो गा. दोन मानसाले येवढं घर कायले पायजे?"

मी म्हटलं, "वहिनीले तरी इचारलास का?"

तो म्हणाला, "तिचं नाव नको काढू. माझा निर्नय हाय."

पुढे मी जे बोललो ते इथे छापता येणार नाही. स्वार्थी म्हटलं, पुढचंही म्हटलं. गोंदियात ज्याला त्याला सांगत सुटलो की दादाने ऐन म्हातारपणी बायकोला घराबाहेर काढलं. वहिनी कधी घराबाहेर न पडलेली बाई, चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिने ते घर सारवलं, तिचं काय होणार, असं मी डोळ्यात पाणी आणून सांगायचो. लोक माना डोलवायचे.

आणि मग दिवाळी आली. भाऊबीजेला दुपारी फोन वाजला. दादाच. तोच आवाज, "मंडई शुक्रवारी हाय. या."

मी बायकोकडे पाहून हसलो. व्यवहार फिसकटला म्हणायचा! घर नाही तर मंडईचा फोन कोण करेल? आमच्याकडे असा फोन म्हणजे घर आहे, चूल आहे, गादी टाकायला जागा आहे. बहिणीलाही तसाच फोन आला होता, तिनेही तोच अर्थ काढला. शुक्रवारी आम्ही अठरा माणसं पिशव्या, लेकरं आणि मिठाईचे डबे घेऊन दारात उतरलो. फाटक निळ्या रंगाने रंगवलेलं. आत ओसरीवर धानाची पोती छताला भिडलेली. एक तरुण माणूस बाहेर आला आणि नम्रपणे म्हणाला, "किससे मिलना है, अंकल?"

माझ्या जन्मघराच्या दारात मला विचारलं, किससे मिलना है.

मी तिथूनच दादाला फोन लावला. "आमी तुया दारात उभे हाओ."

"कोनत्या दारात?" तो म्हणाला. "सौंदडच्या, आनखी कोनत्या?" मी म्हटलं. तेव्हा म्हणाला, "सवयीनं लावले गा फोन. ध्यानातच नाई आलं."

सगळी गल्ली ऐकत होती. मी ओरडून सांगितलं, "आता तू मेला तरी येनार नाई तुया दारात!" त्या दिवशी शेजारणीने दया येऊन आम्हाला पिठलं-भात वाढला. मंडईच्या दिवशी सौंदडात मी परक्याच्या घरी पिठलं खाल्लं. हा अपमान मी दादाच्या नावावर लिहून ठेवला.

यंदा पावसाळा सरता सरता, धान निसवत असताना तो गेला. गेलो मी, जावंच लागलं. घाटावर भावकीतले लोक पुतण्याकडे वाकड्या नजरेने पाहत होते. त्यांना वाटलं पोरानेच आईबापाला वसाहतीत लोटलं. मी ते खोडून काढलं, म्हटलं, पोराचा काही दोष नाही, याने स्वतःच केलं हे. प्रेताशेजारी उभं राहून सांगितलं. वहिनीने तेव्हा माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

तेरवीनंतर पंधरा दिवसांनी मी तिला न्यायला नागपूरला गेलो. मनाशी सगळं ठरवलं होतं. आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे. दादाने जे मोडलं ते मी सावरणार, आणि गावालाही दिसेल कोण कसा ते. फाटकावर पहारेकऱ्याने वहीत माझं नाव लिहून घेतलं. तिची खोली पहिल्या मजल्यावर. एक पलंग, एक कपाट, खिडकीशी दोन खुर्च्या. मी एका खुर्चीकडे वळलो तर वहिनी म्हणाली, "तिथं नका बसू, त्यायची हाय." दुसरीवर ती बसली. मी पलंगाच्या कडेवर टेकलो आणि म्हटलं, "सामान भरा वहिनी. आता त्या मानसाचा हट्ट संपला."

ती शांतपणे म्हणाली, "घर त्यायनं नाई इकलं, भाऊजी. मी त्यायले इकाले लावलं."

मला वाटलं दुःखात काहीतरी बोलतेय. पण ती बोलत राहिली, आवाज न चढवता. "लगन होऊन आली तवापासून एक मंडई नाई चुकली. दर साली पंधरा-वीस मानूस. नाटकाचा मंडप घरून दिसे, मी एक नाटक नाई पायलं. तुमी पाहून येऊन झोपा, अन मी तुमच्या आंघोळीचं पानी तापवत राहू. आखरीच्या साली कंबर धरली होती, उभं राहवत नव्हतं. भितीले टेकून वडे तळून राहिली होती. अन तुमी ओसरीवरून आवाज देल्ला, वहिनी, यंदा रस्स्यात मीठ कमी हाय."

मी म्हटलं होतं तसं. मला आठवतं. सगळे हसलेही होते.

"त्याच दिवशी सांगितली त्यायले, एक तर हे घर राहील, नाई तर मी."

"मग दादानं मले सांगितलं काऊन नाई?"

"मी तर म्हनली होती सांगा. ते म्हनले, तुले बोलतील सारे. मले बोलू दे."

"अन मंडईचा फोन?"

"खरंच सवय. मी आंघोळीले गेली होती, ते वही घेऊन बसले. बाहेर आली तवा साऱ्यायले सांगून झालं होतं. मंग तुमाले परत फोन लावून 'येऊ नका' म्हनाची हिंमत नाई झाली त्यायची. तीन दिवस जेवले नाई."

मला गहिवरून वगैरे आलं नाही. राग आला. दादाचा आला, की मला इतका मूर्ख बनू दिलं, माझ्या शिव्या वर्षभर मुकाट घेतल्या आणि मरतानाही त्या परत केल्या नाहीत. वहिनीचा आला, की चाळीस-पंचेचाळीस वर्षं हसून वाढलं कशाला? आणि माझा तर इतका आला की त्या पलंगावर बसवेना. घाटावर मी काय बोललो होतो ते आठवून कान तापले. "वहिनी, मले माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"इचारलं असतं तर माहीत झालं असतं," ती म्हणाली.

खाली जेवणाची घंटा झाली. ती उठली, चप्पल घातली, दादाच्या खुर्चीवरचा टॉवेल नीट केला. मीही उठलो, सवयीने तिच्या मागे जिन्याकडे निघालो. ती दारातच थांबली आणि वळून म्हणाली, "पुढच्या टायमाले कळवून येत जा, भाऊजी. इथं पाहुण्याचं जेवन आदल्या दिवशी सांगावं लागते."