डागलेली घोडी

माझ्या पोटावर डागाच्या तीन खुणा आहेत. आम्हा मेंढपाळांत तेव्हा डाग हेच औषध होतं. मूल पोटाने रडलं, मेंढी लंगडली, म्हातारीची कंबर धरली, की विळा तापवायचा. त्यामुळे घोडी चावते म्हणून बाने विळा तापवला, यात कुणालाच काही चुकीचं वाटलं नाही.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात बाने ती बोरीच्या बाजारातून आणली. जागीरदाराच्या तबेल्यातली, बसायची घोडी. मालक मुलूख सोडून गेलेला. आम्हाला ती ओझ्याला हवी होती. आमच्यात पुरुष मेंढरांमागे चालतात आणि बिऱ्हाड लादलेली घोडी बाई नेते. म्हणजे घोडी मायच्या वाट्याची. पहिल्याच दिवशी पोती लादून दोर आवळताना घोडीने मान वळवून मायच्या दंडाचा लचका तोडला. मायने जखमेत चुलीतली राख भरली, फडकं बांधलं आणि पोतं पुन्हा उचललं. बाने काठी मोडेपर्यंत घोडीला मारलं. मग मायलाही दोन ठेवून दिल्या, दोर नीट आवळला नाही म्हणून.

आठ दिवस हेच चाललं. शेवटी धाकटा चुलता म्हणाला, "पाठीत वायू धरलाय तिच्या. डाग दे."

चौघांनी तिला दोरांनी पाडलं. चुलता मानेवर बसला. बाने लाल विळा कण्याच्या डाव्या बाजूला टेकवला, मग उजव्या. तिसऱ्या डागाला मागच्या पायांचा दोर तुटला. बाची नडगी मोडली तो आवाज मी ऐकला. तुराटी मोडावी तसा होता.

लिंबाखाली घोंगडीवर टाकून चुलत्याने पायाला कामट्या बांधल्या. बाने पाणी मागितलं नाही, कुऱ्हाड मागितली.

"मला धरून उभं करा. मुंडकंच तोडतो तिचं."

"तोडा," माय म्हणाली. "पाचव्या दिवशी तळ उठायचाय. इथं चाऱ्याची काडी उरली न्हाई. तुमाला कोन नेनार मग?"

"तूच ने की वैनी," चुलता म्हणाला. "डोक्यावरच्या हंड्यावर बसव."

बा सोडून सगळे हसले.

"मला तेवढे दिस द्या," माय म्हणाली. "न्हाई बसू दिलं तिनं, तर कुऱ्हाड मीच आनून देते."

तिने घोडी बाभळीला आखूड बांधली आणि पाठ बोटांनी दाबत गेली. डागांजवळ घोडी नुसती थरथरली. खांद्यामागच्या उंचवट्यावर बोट पडलं तशी उसळली.

"हे आपल्या डागाचं न्हाई. जुनं हाय."

मेंढरांच्या कातरीने तिने तिथले केस काढले. खाली वरून मिटलेलं भोक होतं. कातरीचं टोक तिने सरळ आत घातलं. पू आणि काळं रक्त तिच्या तोंडावर उडालं. घोडीने डोकं झटकलं ते मायच्या जबड्यावर बसलं. मायने दोन दात थुंकले.

"काय बघायलीस? दोर धर घट्ट," ती मला म्हणाली आणि बोटं आत घातली. बोटाएवढी लाकडाची फाक निघाली. मोडक्या खोगिराची असणार. त्यावरच वर्षानुवर्षं कुणीतरी पट्टा आवळत आलं होतं, आणि घोडी उसळली की तिला मारत. डाग दिले त्याच्या चार बोटं पुढे ती फाक होती. आम्ही कुणी हात लावून पाहिलंच नव्हतं.

मग रोज लिंबाच्या पाल्याचं पाणी, वर हळद-तेल. घोडीने हात चाटला वगैरे काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा चावली. मायने तिच्या नाकाडावर एक ठोसा लावला आणि हळद भरणं चालू ठेवलं.

पाचव्या सकाळी मायने पाठीवर घोंगड्यांच्या दोन जाड घड्या घातल्या, जखम आणि डाग मध्ये मोकळे ठेवून. चुलत्याने बाला उचललं. बाच्या हातात नवी काठी होती. ती दिसताच घोडीने कान मागे पाडले.

"काठी टाका."

"काठीबिगर बसू?"

"तिनं पाडलं तर मी उचलनार न्हाई."

बाने मायच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि काठी टाकली. चुलत्याने त्याला वर बसवलं. घोडी थरथरत होती, पण उभी राहिली. माय दोर धरून चालू लागली. ढेकळात घोडीचा पाय अडखळला की बाच्या नडगीत कळ जायची आणि तो शिव्या द्यायचा. पूर्णा नदीकाठच्या नव्या तळावर पोचेपर्यंत सगळ्या शिव्या मायला दिल्या. घोडीला एकही नाही.